लाल भुकटी येईपर्यंत: कोथरूडमधल्या एका बाथरूम शेल्फचं प्रकरण

कोथरूडमधली १९८०च्या दशकातली सोसायटी, दुसरा मजला, चार बाय सात फुटांचं बाथरूम. बेसिनच्या वर लावलेलं तयार फ्लोटिंग शेल्फ एका सकाळी बाटल्यांसकट खाली आलं. लांबी २४ इंच, खोली ८ इंच, मागची पट्टी लपलेली, खाली ब्रॅकेट नाही. बेसिनचा टवका उडाला, तेलाची बाटली फुटली. आत कोणी नव्हतं हे नशीब. घरात निवृत्त काका-काकू दोघंच राहतात आणि काकांनी पंच्याहत्तरी ओलांडली आहे.

शेल्फ एमडीएफचं, म्हणजे दाबून चिकटवलेल्या लाकडाच्या भुशाचं होतं, वरून पांढरं लॅमिनेट. खालची कड पाणी पिऊन फुगली होती, चहात जरा जास्त वेळ राहिलेल्या बिस्किटासारखी. काकांनी ती पाहिली आणि निकाल देऊन टाकला: "भुसा तो भुसाच. आता अस्सल सागवान लावायचं." सागवान घरातच होतं. शनिवार पेठेतला त्यांचा वाडा पाडून तिथे इमारत उभी राहिली, तेव्हा कडीपाटातल्या दोन कड्या त्यांनी आठवण म्हणून ठेवून घेतल्या होत्या. त्या गच्चीच्या जिन्याखाली धूळ खात पडल्या होत्या. "पानशेतचं पाणी पाहिलेलं लाकूड आहे हे," काका म्हणाले, "बाथरूमच्या वाफेला काय भिणार?"

वाक्य फर्मास होतं. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमधले वाडे पाण्यात गेले. हे लाकूड त्यातून तरलं हेही खरं असेल. पण एकदा भिजून पुढे साठ वर्षं कोरडं राहणं वेगळं आणि रोज सकाळी भिजून रात्रीपर्यंत जेमतेम वाळणं वेगळं. शिवाय मुख्य मुद्दा लाकडाचा नव्हताच.

पडलं कशामुळे

पडलेल्या शेल्फची मागची पट्टी हातात घेतली की उत्तर अर्धं मिळत होतं. दोन्ही स्क्रू नायलॉनच्या प्लगमध्ये घट्ट आवळलेले होते आणि प्लग भिंतीतून अख्खेच्या अख्खे उपसून आले होते. एमडीएफ फुगल्यामुळे शेल्फ पडलं असतं, तर पट्टी भिंतीवरच राहिली असती आणि फळी तिच्यावरून निसटली असती. इथे भिंतीनेच हात सोडला होता.

मग भोकात मोडक्या छत्रीची काडी घातली. ५० मिलिमीटरच्या आतच ती टेकली. टॉर्च मारून पाहिलं, काडीच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून आतली भुकटी बाहेर काढली. सगळी राखाडी. विटेच्या लाल रंगाचा मागमूस नव्हता. भोकाच्या कडेला थर दिसत होते. वरची नवी टाइल आठ-नऊ मिमी, तिच्यामागे चिकटवण्याच्या मसाल्याचा पातळ थर, त्यामागे चकचकीत पांढरी जुनी टाइल, आणि तिच्यामागे सिमेंट-वाळूचा जाड माल. बाथरूमचं नूतनीकरण करताना जुन्या टाइल न फोडता त्यांच्यावरच नव्या बसवल्या होत्या. पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांमध्ये हे सर्रास करतात. राडारोडा वाचतो, खालच्या मजल्यावरच्यांची बोलणी वाचतात. पण मग भिंतीचे पहिले दोन इंच वीट नसतेच. शेल्फ बसवणाऱ्या माणसाने इतर कुठल्याही भिंतीला वापरतो तोच ५० मिमीचा प्लग वापरला, आणि तो विटेपर्यंत पोचलाच नाही. इतके दिवस शेल्फ टिकलं ते टाइल आणि मालाच्या मेहरबानीवर.

आता जोराचं गणित. साध्या ब्रॅकेटच्या फळीला खालून टेकू असतो. फ्लोटिंग शेल्फला तो नसल्यामुळे सगळं वजन तरफेसारखं काम करतं: फळीची खालची मागची कड भिंतीवर टेकते आणि वरचा भाग स्क्रूला बाहेर ओढतो. इथे फळी आणि बाटल्या मिळून नऊ किलो धरा. वजनाचा मध्य भिंतीपासून १० सेंटिमीटरवर, स्क्रू खालच्या कडेपासून २ सेंटिमीटर वर. दहाला दोनने भागलं की पाचपट, म्हणजे नऊ किलोची फळी स्क्रूंना दिवसरात्र ४५ किलोंनी ओढत होती. त्यात कोणी पुढच्या कडेवर नुसता २० किलोंचा हात टेकला, की आणखी २०० किलो. दोन स्क्रू, मालात रुतलेले दोन प्लग.

आणि बाथरूममध्ये हात टेकला जातोच. एका पायावर उभं राहून दुसरा घासताना, जमीन साबणाने निसरडी असताना, हात जवळ असेल ते धरतो. ते शेल्फ आहे की कठडा हे तो विचारत नाही. म्हणून या कामाला एक अट घातली: आधी कमोडजवळ आणि नळाजवळ आधाराचे स्टीलचे दांडे लागतील, फळी नंतर. काकांना ते 'म्हाताऱ्यांचं सामान' वाटलं. काकूंनी दांडे लावून घेतले.

भिंत कोणती

काकूंना फळी होती तिथेच हवी होती, बेसिनच्या बरोबर वर. ती भिंत साडेचार इंची, पलीकडे बेडरूम. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीपाशी टेप लावला की कळते. टाइल, माल वगैरे सोडून तिथे विटेची खोली जेमतेम चार इंच मिळत होती. त्यातही बेसिनच्या नळाचे पाइप त्याच भिंतीतून वर गेलेले. जुने जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचे पाइप असते तर धातू शोधणाऱ्या यंत्राने दाखवले असते. नूतनीकरणात सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा पाइप टाकलेला, तो यंत्राला दिसत नाही. पाइप दिसत नसले तर नळ, गीझर आणि शॉवर यांच्या सरळ वर-खाली भोक पाडायचं नाही, एवढंच हातात उरतं. भिंत फोडण्यापूर्वी काढलेले फोटो कोणाकडेच नव्हते. ते कधीच कोणाकडे नसतात.

उजवीकडची खिडकीची भिंत नऊ इंची, बाहेर डक्ट. तिच्यात पाइप नव्हते, पाऊसही थेट मारत नव्हता. फळी तिथे गेली तर बेसिनपासून उजव्या हाताशी येणार होती. "तोंड धुताना मान वळवायची का आता?" असं काकूंनी विचारलं. वळवावी लागणार होती.

कडाप्प्याची फळी भिंतीत खाच पाडून बसवली असती तर यातलं काहीच करावं लागलं नसतं, आणि ती पन्नास वर्षं टिकली असती. पण टाइल फोडायची तयारी नव्हती आणि वाड्याच्या लाकडात काकांचा जीव अडकला होता. हेही कारणच आहे.

खोली आठवरून सात इंचांवर आणली. हा एक इंच वाचवणं दिसतं त्यापेक्षा मोठं आहे: खोली वाढली की सामान वाढतं आणि त्याचा मध्यही भिंतीपासून लांब जातो, म्हणून ओढ दुहेरी वाढते. दहा-बारा इंच खोल फ्लोटिंग शेल्फ बाथरूममध्ये मी कोणाला सुचवत नाही.

पट्टी आणि स्क्रूचा मार्ग सोडून दिला. त्याऐवजी १२ मिमी जाडीच्या तीन स्टेनलेस दांड्या, ३०४ ग्रेडच्या, थेट विटेत केमिकल अँकरने, म्हणजे भोकात भरून घट्ट होणाऱ्या चिकट मसाल्याने बसवायच्या आणि फळी त्यांच्यावर सरकवायची. यात प्लगसारखं सहज उपसून येणारं काही नाही, दांडी वाकली किंवा वीटच फुटली तर फळी खाली येणार. १० मिमीच्या दांड्या बाजारात सहज मिळतात, पण टाइल-मालाचे दोन इंच धरून काढलेल्या हिशेबात कोणी हात टेकल्यावर त्या भिंतीकडच्या आट्यांपाशी वाकत होत्या. १२ला थोडं अंतर शिल्लक राहत होतं. दांडीची लांबी अशी ठरली: ४७ मिमी टाइल आणि माल, १०० मिमी वीट, ५ मिमी फट, १२५ मिमी फळीत. धायरीतल्या एका फॅब्रिकेटरने तुकडे कापून फक्त भिंतीकडच्या भागावर आटे पाडून दिले. फळीकडचा भाग गुळगुळीत हवा, नाहीतर आटे लाकूड कुरतडत जातात.

लाकूड

दोन कड्यांतली एक कामाची निघाली, दुसरीचं टोक वाळवीने खाल्लेलं. चांगल्या कडीची जाडी साधारण चार बाय तीन इंच. रंधा मारताच तो ओळखीचा, चामड्यासारखा वास आला आणि बोटांना तेलकटपणा लागला. साग होता. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये मशीनवर रंधा मारून देणारे जुनं लाकूड पाहिलं की आधी चुंबक मागतात. त्यांचं बरोबर आहे, वाड्याच्या लाकडात खिळे असतात आणि एका खिळ्याने पातं जातं. चुंबक फिरवून खिळे काढले, त्यांच्याभोवतीचे काळे डाग मात्र राहिले. सागातलं टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आलं की लाकूड काळं पडतं. म्हणूनच दांड्या स्टेनलेसच्या हव्यात. साध्या लोखंडाच्या असत्या तर एका पावसाळ्यात फळीच्या पोटातून काळे ओघळ उतरले असते.

कोपऱ्यातली सालीकडची पांढुरकी पट्टी कापून टाकली. सागाची कीर्ती गाभ्याची आहे, त्या पांढऱ्या भागाची नाही. उरलेली कडी उभी चिरून दोन फळ्या निघाल्या, त्या कडेला कड चिकटवून सात इंच रुंदी झाली, रंधल्यावर जाडी ३२ मिमी. सागाच्या तेलामुळे डिंक नीट धरत नाही, म्हणून कडा थिनरने पुसून, ताज्या असतानाच एपॉक्सीने जोडल्या आणि रात्रभर शिकंज्यात ठेवल्या.

आता फुगण्याचं. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा कोरडी ठणठणीत असते आणि ऑगस्टमध्ये वाळत घातलेला टॉवेल तीन दिवस वाळत नाही. लाकूड या हवेबरोबर हलतं. साग त्यातल्या त्यात शांत, तरी सात इंच रुंदीत उन्हाळा-पावसाळ्याचा फरक एक ते तीन मिमी पडू शकतो. लांबीत जवळजवळ शून्य. इथे दांड्या फळीच्या रुंदीत शिरलेल्या, म्हणजे नेमक्या त्या दिशेला जिकडे लाकूड सरकणार. दांडीला टोकापासून टोकापर्यंत एपॉक्सी भरली तर लाकूड अडतं आणि जोडावर फाटतं. म्हणून भोकं १३० मिमी खोल, दांडीपेक्षा जास्त, आणि आत डिंक नाही. फक्त तोंडाशी सिलिकॉन. पुढेमागे फळी ओढून काढताही येते.

पॉलिशवरून थोडी चर्चा झाली. काकांना बेलतेल, म्हणजे उकळलेलं अळशीचं तेल हवं होतं, वाड्यात तेच लावत. दिवाणखान्यातल्या झोपाळ्याला ठीक, पण सततच्या ओलाव्यात अळशीच्या तेलावर बुरशी धरते. (शिवाय बेलतेलाचे बोळे चुरगळून कचऱ्यात टाकू नयेत, ते आपोआप पेटू शकतात; पसरून वाळवावेत.) लाखेचं पॉलिश पाण्याने पांढरं पडतं. बाहेरच्या कामाचा, दोन भाग मिसळून लावायचा मॅट पीयू (पॉलियुरेथेन) निवडला. तीन हात, सहाही बाजूंना. वरून चकाचक आणि खालून कोरी अशी फळी हमखास वाकते, कारण एक बाजू ओलावा घेते आणि दुसरी घेत नाही. दोन्ही टोकांना जास्तीचे हात दिले, कारण लाकूड पाणी पितं ते रेषांच्या टोकांतून. दांड्यांच्या भोकांतही बारीक ब्रशने पीयू फिरवला. खालच्या अंगाला पुढच्या कडेपासून अर्ध्या इंचावर एक बारीक खाच पाडली. सज्जाच्या खाली असते तशी, म्हणजे कडेवरून वळलेलं पाणी तिथेच तुटून थेंब खाली पडतो, मागे भिंतीपर्यंत जात नाही.

बसवणं

सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे प्लायची एक जाड पट्टी, तीन भोकं पाडलेली. तीच पट्टी फळीच्या मागच्या कडेला धरून फळीत भोकं पाडली आणि तीच भिंतीवर पाणसळ लावून धरली. दोन्हीकडे वेगवेगळं मोजलं असतं तर तीन दांड्यांपैकी एक तरी भांडली असती.

टाइलवर चिकटपट्टी लावून, भाल्यासारख्या टोकाच्या बिटने, ड्रिलचा हातोडा बंद ठेवून सुरुवात केली. ओला स्पंज हाताशी. आधी पांढरी भुकटी, मग राखाडी, मग पुन्हा पांढरी. इथेच पुष्कळ जण फसतात: पहिली टाइल पार झाली की हातोडा चालू करतात आणि मागची जुनी टाइल आतल्या आत तडकते. बाहेरून काही दिसत नाही. दुसरी पांढरी भुकटी संपेपर्यंत हातोडा बंदच. मग बराच वेळ वाळूमिश्रित राखाडी, आणि ४७ मिमीवर ड्रिलच्या आवाजात फरक पडून स्पंजवर लाल ओघळ आला. काका दारात उभे राहून पाहत होते. "वीट," ते म्हणाले. तिथून पुढे आणखी १०० मिमी.

भोक १४ मिमीचं. केमिकल अँकर ज्या भोकात भरायचा ते स्वच्छ नसेल तर तो विटेला न धरता धुळीला धरतो, म्हणून फुंकून, ब्रश मारून, पुन्हा फुंकून घ्यावं लागतं. सिमेंटच्या पिशव्यांशेजारी धूळ खात पडलेल्या अँकरच्या नळ्या घेऊ नयेत, मुदत पाहून घ्याव्या. ही नळी बोहरी आळीतून आणली. मसाला भोकाच्या तळापासून भरत बाहेर यायचं आणि दांडी फिरवत आत ढकलायची. भरीव वीट असल्यामुळे मसाला धरून ठेवायला भोकात घालतात ती जाळीची नळी लागली नाही. पोकळ ब्लॉक असता तर लागली असती. प्लायची पट्टी दांड्यांवर चढवून, पाणसळ पाहून, पुढच्या बाजूला केसभर उतार ठेवून रात्रभर तशीच सोडली. पाकिटावर तासाभराची वेळ लिहिलेली असते, पण घाई कशाला.

फळी भिंतीला चिकटवायची की फट ठेवायची यावर सुतारांमध्ये दोन पक्ष आहेत. चिकटवून सिलिकॉनची रेघ मारली की दिसायला सुबक. पण फळी हलते, भिंत हलत नाही, रेघ एका बाजूने कधीतरी सुटते आणि आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायची वाट राहत नाही. त्या जागी काळी बुरशी धरते आणि लाकूड मागून कुजायला लागतं, जिथे कोणाचं लक्ष नसतं. इथे प्रत्येक दांडीवर नायलॉनचे वॉशर घालून ५ मिमी फट राखली. दांड्यांच्या बुडाशी, टाइलवर, सिलिकॉनचा एकेक वेटोळा दिला. तेही आंबट वासाचं नाही, न्यूट्रल प्रकारचं. आंबट वासाचं धातूला चांगलं नसतं.

पावसाळा आणि दिवाळी

काम जूनच्या आधी उरकलं. ऑगस्टमध्ये पाहिलं तेव्हा फळीची पुढची कड दीड मिमी पुढे आली होती, मागची फट होती तेवढीच. जोड मिटलेला, खालचा पृष्ठभाग कोरडा. इथे घरातली सवयही मदतीला आली: काका-काकू बादली-तांब्याने अंघोळ करतात, शिंतोडे कमरेच्या वर फारसे जात नाहीत आणि फळी साडेचार फुटांवर आहे. शॉवर वापरणाऱ्या घरात, त्याच भिंतीवर, मी लाकूड लावायला तयार झालो नसतो.

खरी कसोटी नरक चतुर्दशीला लागली. मुलगा, सून, नातवंडं, काकूंची बहीण, सगळ्यांच्या बाटल्या त्या एका फळीवर आल्या. उटण्याचा डबा, तेलाची वाटी, मोती साबणाच्या वड्या आणि कोणीतरी ठेवलेला पाण्याने भरलेला पितळी तांब्या. फळी पाणसळीत जशी होती तशीच राहिली. वाटीच्या तेलाचं एक वर्तुळ मात्र पॉलिशवर उमटलं आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार पुढच्या कडेवर दिसू लागले. क्षार ओल्या फडक्याने लगेच पुसले तर निघतात, वाळून बसले की घासावे लागतात आणि घासलं की मॅट पॉलिशवर चकाकी येते. दर दोन वर्षांनी हलका पॉलिश पेपर मारून एक हात द्यावा लागेल, हे आधीच सांगितलेलं आहे.

काकूंची मान वळवण्याची तक्रार कायम आहे. बेसिनच्या वर एक छोटी फळी तरी हवीच, असा त्यांचा आग्रह. त्या साडेचार इंची भिंतीला विटेत दांडी बसवून भागणार नाही. आरपार बोल्ट घालून बेडरूमच्या बाजूने स्टीलची पट्टी लावावी लागेल, आणि त्याआधी पाइप कुठे आहेत हे शोधावं लागेल. बेडरूमच्या त्या भिंतीला काकांचं कपाट टेकलेलं आहे, पट्टी त्याच्यामागे लपेल. काका कपाट हलवायला तयार नाहीत. सध्या चार इंच खोलीच्या, खालून उघड ब्रॅकेट असलेल्या फळीवर बोलणं चालू आहे. कडीचा तेवढा तुकडा उरला आहे.